चार नंबरच्या खोलीची तार

धाकटी पहाटे साडेचारला उठायची. मी पाचला. त्या अर्ध्या तासाचासुद्धा मला हेवा वाटे. आई म्हणायची, "बघ, पोरगी तुझ्याआधी कामाला लागली." काम म्हणजे काय, तर खुर्चीत बसून बोटं हलवायची.

आम्ही भावंडं एकाच शीतगृहात नोकरीला. मी खाली कॉम्प्रेसरच्या खोलीत, एकतीस वर्षं. त्या घरघरीत माझे कान गेले. ती वर, संगणकावर. चार वर्षांत तिचा पगार माझ्यापुढे गेला. तो आकडा आईने मला दोनदा ओरडून सांगितला. खरं तर पहिल्याच वेळी ऐकू आला होता.

खोल्यांचं तापमान बघणारे प्रोग्राम जुने झाले होते. ते संगणकाच्या नव्या भाषेत उतरवायचं काम तिच्याकडे आलं. साहेबांनी दहा दिवस दिले, तिने महिना मागितला.

"अहो, मशीनच उतरवून देतं. तुम्ही फक्त बटण दाबायचं."

"बटण दाबलंय, सर. आता त्याने काय घोळ घातलाय ते निस्तरतेय."

घोळ कसला, ते तिने जेवताना माझ्या कानाशी ओरडून सांगितलं. "दादा, सेन्सरकडून काहीच आलं नाही, तर जुना प्रोग्राम अडून बसायचा, बोंब मारायचा. नवी भाषा म्हणजे गरीब गाय. काही आलं नाही की गुपचूप शून्य धरते आणि पुढे जाते."

"मग बिघडलं काय?"

"अरे, आपल्याकडे शून्य डिग्री म्हणजे सगळं आलबेल! सेन्सर मेला तरी कुणाला कळणार नाही."

म्हणून जिथे जिथे आकडा घेतला जाई, तिथे तिथे 'आधी काही आलंय का ते बघ' असं तिला हाताने लिहावं लागत होतं. तीनशे चाळीस जागा. ऑफिसात तिचं नाव शंकाबाई पडलं. हसणाऱ्यांत मीही होतो. एकदा तिची वही चाळली. प्रत्येक जागेपुढे खूण, आणि प्रत्येक खुणेवर दुसरी खूण. मीही नट आवळल्यावर पाना पुन्हा एकदा लावून बघतो. बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच जळलो.

नवा प्रोग्राम सुरू व्हायच्या आठवड्यात चार नंबरची खोली धुवायला रिकामी केली होती. सेन्सरची तार मीच काढली होती. ती लावायची राहून गेली नाही, मी लावली नाही. एक तरी जागा तिच्या नजरेतून सुटली असेल, असं मनात होतं. माल आला की हातातला थर्मामीटर घेऊन मीच तिथे बसणार होतो. मालाला धक्का लागू दिला नसता. फक्त तिचं खोटं शून्य सगळ्यांना दाखवायचं होतं.

त्या दिवशी सकाळी सगळे पडद्यासमोर उभे. अकरा खोल्या हिरव्या. चार नंबर लाल.

साहेब वैतागले. "महिनाभर घेतलात आणि पहिल्याच दिवशी हे?"

"प्रोग्राम बरोबर आहे, सर. तिथून काही येतच नाहीये. काही न येणं म्हणजे शून्य नव्हे." मग माझ्याकडे वळून मोठ्याने, "दादा, जरा बघतोस का?"

मी शिडी चढलो, तार लावली. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक नट सैल राहिला नव्हता. खाली आलो तर ती शिडीपाशी उभी.

"सुटली होती," मी म्हटलं.

ती हळूच काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही.

मी निवृत्त झालो. वर्षभर पगारातून बाजूला टाकून तिने माझ्या दोन्ही कानांची मशीनं आणली, स्वस्तातली नव्हेत. कानात बसवल्यावर पहिलं तेच विचारलं. "त्या दिवशी शिडीपाशी काय म्हणाली होतीस?"

ती चष्मा पुसत होती. "म्हटलं, तार आपोआप सुटत नाही, दादा."

"मग ओरडून का नाही सांगितलंस?"

"सगळे होते ना तिथे."

तेवढ्यात आतून आई कुणालातरी सांगत होती, "पोरीने भावासाठी केवढा खर्च केला बघा!"

शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू आला. हल्ली रोजच येतो.