वेंदेलीन रिकाम्या पाठीने आला

सत्तावीस वर्षं वेंदेलीन आमच्याकडे ओझी वाहत होता. पिठाची पोती, बियरची पिंपं, गॅसचे सिलिंडर, म्हणाल ते. तात्रा पर्वतातल्या आमच्या तळ्यांपर्यंत गाडीरस्ता नाही. काठावर प्रवाशांसाठी निवारा आहे, तिथली चूल मी सांभाळते आणि चुलीला लागणारं सगळं हमालांच्या पाठीवरून वर येतं. वेंदेलीन माणूस सरळ, पण हट्टी. हमालांचे दोन नियम त्याने कधी मोडले नाहीत: रिकाम्या पाठीने वर यायचं नाही आणि टेकणीच्या दगडाशिवाय थांबायचं नाही. ते दगड असे उंच, की पाठीवरची लाकडी चौकट तशीच टेकवता येते. मध्येच खाली बसलात तर ऐंशी किलो घेऊन तुम्हाला उठवणार कोण?

त्याची बायको झेलमीरा खाली गावात शिवणकाम करायची. तिने तळी कधी पाहिली नव्हती. हसू नका! खालून तीन तासांची वाट. शहरातली पोरंटोरं सकाळी येतात, कोबीचं सूप पितात आणि संध्याकाळी घरी जातात. ती म्हणायची, "एकदा मलाही ने ना रे." हा म्हणायचा, "तळी काय पळून चाललीत?"

शेवटी एका सप्टेंबरात ती त्याच्याबरोबर निघालीच. मला आधीच निरोप होता, म्हणून मी खिडकीजवळचं टेबल पुसून ठेवलं. दुपारी दारात आला तो एकटा वेंदेलीन. ओझ्यावर तिचा केकचा डबा बांधलेला.

"अरे, बायको कुठाय?"

"दमली. परत पाठवली. पुढच्या आठवड्यात आणतो."

"बरं झालं बाबा, नाहीतर तिलाही पाठीवर घ्यावं लागलं असतं!" मी म्हणाले. सगळे हमाल खो खो हसले, तोही हसला. खसखशीचा केक आम्ही वाटून खाल्ला. माझ्या जिभेला हाड नाही, त्याला काय करू?

पुढच्या आठवड्यात बर्फ पडलं. हिवाळ्यात तिचं दुखणं निघालं आणि ईस्टरच्या आधी झेलमीरा गेली.

जूनमध्ये वाट मोकळी झाली. मी कोबी चिरत होते, तेवढ्यात बाहेरून कॉर्नेल हमाल ओरडला, "अरे वा, साहेब आज फिरायला! चौकट विकून खाल्ली काय?"

बघते तर वेंदेलीन. पाठ रिकामी, अंगात लग्नातला कोट.

"गप रे गाढवा," मी कॉर्नेलला म्हटलं आणि वेंदेलीनला खिडकीजवळ बसवलं. चहात रम घालून दिली.

"ओतीलिया, ती जिथून परत गेली ना, तो फुटका खडक."

"धबधब्यावरचा?" त्या खडकापुढे एक चढ, की समोर तळं.

"तिचे पाय सुजले होते. म्हणाली, जरा बसू या का? टेकणीचा दगड मागे राहिला होता. अंगावर ब्याऐंशी किलो, बसलो असतो तर उठलोच नसतो. तिने विचारलं, अजून किती? मी म्हटलं, अजून दीड तास आहे, तू जा परत."

"अरे मेल्या! ओझं टाकायचं होतंस! होतं काय त्यात?"

"बियर."

मला इतका राग आला की त्याच्या हातातला कप ओढून घ्यावासा वाटला. पण त्या दिवशी त्याच बियरबरोबर मी तिचा केक खाल्ला होता.

"आज घड्याळ लावून आलो," तो म्हणाला. "खडकापासून इथवर आठ मिनिटं लागली. आणि तेही हळूहळू चालत."

"तिला सांगितलंस का नंतर?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. "दुखण्यात पडल्या पडल्या मला म्हणायची, पुढच्या वेळी आपण पहाटेच निघू. म्हणजे तो राहिलेला दीड तास मला जमेल."

"आणि तू?"

"मी म्हणायचो, हो, पहाटेच निघू."