मुकादम नव्हता तो

कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या काड्या भर्रकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात, म्हणून भाकरी होईस्तोवर चुलीपुढून हलायची सोय नसते. मनकर्णाचा एक हात परातीत होता आणि दुसऱ्या हाताने ती काड्या आत सारत होती. मागच्या आवारात तिचे यजमान किसनराव दात घासताना इतक्या जोरात खाकरत होते, की आळीत कोणाला कोंबडा पाळायची गरज नव्हती. सालाने ठेवलेला गडी जानराव बैलांपुढे कडबा टाकत होता. सगळं रोजच्यासारखं. फक्त मुकादम, घरचा काळा कुत्रा, त्याच्या जागेवर नव्हता. एरवी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हनुवटी टेकून पहिल्या भाकरीची वाट पाहत पडलेला असायचा. आज तो गोठ्यात खांबाला बांधलेला होता, काल दिवेलागणीपासून.

तेवढ्यात कडी वाजली.

गावात दिवसा कोणी कडी वाजवत नाही. दार उघडंच असतं आणि माणूस "हायत का घरात?" म्हणत थेट आत येतो. पण त्या सकाळी मनकर्णाने दाराची कडी काढलीच नव्हती. पिठाचा हात तसाच घेऊन ती उठली.

दारात गंगूबाई उभी होती. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला तिची भाजीपाल्याची वाडी होती आणि दिवसाआड ती मनकर्णाच्या ओट्यावर पाटी उतरवायची. आज पाटी डोक्यावर नव्हती, काखेत होती. लुगड्याखालून उजव्या पोटरीवरची दवाखान्याची पांढरी पट्टी दिसत होती.

"काय वो मनकर्णाबाई, दिवस कासराभर वर आला न दार लावून बसल्या? मले वाटलं माहेरी गेल्या का काय."

"नाही… वारं सुटलं होतं," मनकर्णा म्हणाली. अंगणातल्या निंबाचं पानही हलत नव्हतं.

गंगूबाई ओट्यावर टेकली. पाय लांब केला आणि हलक्या आवाजात सांगू लागली. "काल सांजच्याले बजारातून येऊन राहिली होती. तुमच्या वावराच्या धुऱ्यापाशी पायात काटा गेला. पाटी खाली ठेवली, वाकून काटा काढून राहिली होती, तं मांगून कुत्रं आलं न पोटरीच धरली. काळं होतं. मी तोंड वर करून पाहतो, तं तुरीतून गेलंबी." मग जरा ओशाळून म्हणाली, "राग नका मानू बाई, पन इचाराव लागते. तुमचा मुकादम तं नव्हता?"

"मुकादम?" मनकर्णा म्हणाली. "नाही वो. मुकादम नव्हता तो. तो तं कालपासून बांधला हाय."

यातलं शेवटलं वाक्य खरं होतं.

काल संध्याकाळी मनकर्णा वावरातच होती. हरभरा घाट्यावर आला होता, आणि बाजाराहून परतणाऱ्या बायका जाता जाता डहाळे उपटून पदरात टाकायच्या. आठ दिवस ती ते पाहून मनातल्या मनात धुसफुसत होती. काल अंधुक उजेडात धुऱ्याशी, वावराच्या बांधावर, एक बाई वाकलेली दिसली. कोण आहे, काय करते आहे, हे पाहायला चार पावलं जायचं, एक हाक मारायची. मनकर्णाने तसं केलं नाही. पायाशी बसलेल्या मुकादमाच्या कानाशी वाकून ती नुसती "छू" म्हणाली. मोठ्याने म्हणायची गरजच नव्हती. मनकर्णाच्या ओठांकडे पाहूनच तो अर्ध्या गोष्टी समजायचा. किंकाळी ऐकली तेव्हा तिने आवाज ओळखला, आणि ओळखल्यावर ती गंगूबाईकडे न जाता तुरीच्या आडोशाला गेली.

"तुमी म्हणता तं नसन," गंगूबाई म्हणाली. तिने लगेच मानलं. गावात मनकर्णाच्या शब्दाला तसा मान होता. बाळापूरकडून सून होऊन आली तेव्हापासून ती तोंडावर बोलणारी बाई म्हणून माहीत होती. दोघी बायकांचं भांडण लागलं की तिसरी म्हणायची, "चाला, मनकर्णाबाईले इचारू." सासूच्या चुका तिने सासूला सांगितल्या होत्या आणि स्वतःच्या साऱ्या आळीला. अशा बाईवर विश्वास ठेवायला गंगूबाईला वेळ लागला नाही.

"मीबी माह्या पोरीले, सुभद्रीले, तेच म्हणलं. मुकादम मले कावून चावन? माह्या हातची भाकर खाल्ली त्यानं." मग तिने सुस्कारा सोडला. "पन तोच असता तं बरं झालं असतं पाहा."

"कावून?" मनकर्णाच्या तोंडून निघालं.

"शेजाऱ्यानं बैल दमनीले जुंपले न रातीच नांदगावच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणे, कुत्रं कोनाचं हाय ते सापडलं तं त्याले बांधून दहा दिवस नजर ठेवा. खाल्लं-पेलं, जगलं, तं भेव नाही, घरीच राहा. नाही सापडलं तं पिसाळलेलंच समजा न अमरावतीचा मोठा दवाखाना गाठा. पोटात चवदा सुया. रोज एक." ती पट्टीवरून हात फिरवत म्हणाली, "सुयाले मी भीत नाही. पन सुभद्रीचे दिवस भरले हायत वो. पहिलटकरीन. आज होईन का उद्या होईन. तिले टाकून पंधरा दिवस कशी जाऊ मी? अन् नाही गेली न मलेच पानी पाहून भेव वाटाले लागलं, तं तिच्या लेकराले हातात कोन घेईन?"

मनकर्णा उंबऱ्यात उभी होती. हाताला लागलेलं पीठ वाळून कातडीला ओढ बसत होती. आता सांगावं, असं तिला वाटलं. आताच. एवढंच म्हणायचं होतं की बाई, मी खोटं बोलली. पण त्याच्या मागोमाग दुसरंही सांगावं लागणार होतं, की तू काटा काढत होतीस आणि मला तू चोर दिसलीस. तिथे तिची जीभ अडली.

गंगूबाई उठली. पाटीतून सांभाराची, हिरव्या कोथिंबिरीची, जुडी काढून तिने ओट्यावर ठेवली. "आता पंधरा दिवस येनं नाही होनार. हे ठेवा. दुपारच्या मोटारीनं जातो मी."

ती लंगडत गेली. मनकर्णाने सांभार उचलून आत आणला. चूल विझली होती आणि तव्यावरची भाकरी अर्धीकच्ची राहून वातड झाली होती.

मागच्या दाराने किसनराव आले, तोंड पुसत. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि काल तिने येताच मुकादमाला का बांधलं, ते आता त्यांना कळलं होतं. मनकर्णाला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"साजरं केलं," ते म्हणाले. "इतकं सफाईनं बोलता येते तुले, मले मालूम नव्हतं. मी असतो तं अडखळलो असतो."

कोणी मुस्कटात मारावं तसं तिला झालं.

"पन आता तो इथी दिसाले नाही पायजे," किसनराव पुढे म्हणाले. "पोळ्याले पाव्हन्याचं धोतर फाडलं, तवाच म्हणलं होतं मी, आनखी एक तक्रार न याची रवानगी. जानराव कापूस घेऊन चांदूरले जाऊनच राहिला हाय. गाडीत टाक म्हणा त्याले. जिनिंगपाशी सोडून दे. तिथी पोट भरते कुत्र्याचं."

खोटं बोलताना मनकर्णाने मनाला समजावलं होतं, की हे मुकादमासाठी आहे, नाहीतर मालक त्याला घालवून देतील. आता ते त्याला घालवूनच देत होते, आणि तिच्याच शब्दाचा आधार घेऊन. मुक्या जनावरामागे ती लपली होती, दुसरं काही नव्हतं.

मुकादम चांदूरच्या जिनिंगमधूनच आला होता. चार वर्षांपूर्वी कापूस घालून परत आलेल्या गाडीत, रिकाम्या पोत्यांखाली, डोळेही धड न उघडलेलं पिल्लू कुंईकुंई करत होतं. जानरावाने ते शेपटीला धरून उचललं होतं. मनकर्णाने चिंधी बकरीच्या दुधात बुडवून त्याला चोखायला दिली. मोठा झाला तसा तो वेचणीच्या बायकांमागे फिरू लागला. बायका ओळीने पुढे सरकल्या की हा मागून सरके, कोणी बसली की तिच्यापुढे जाऊन बसे आणि टक लावून पाही. "अवं, हात चालव, मुकादम पाहून राहिला," असं बायका एकमेकींना म्हणू लागल्या आणि तेच त्याचं नाव पडलं. एक वेचणारी तर त्याला रामराम घालायची. एवढा रुबाब असून त्याने आजवर कोणा वेचणारीला दात लावला नव्हता. चावायचं नसतं, हे मनकर्णाने त्याला शिकवलं होतं. आणि छू म्हटलं की चावायचं, हेही तिनेच.

जानरावाने गाडी जुंपली. मुकादमाला सोडलं तसा तो स्वतःहून उडी मारून कापसाच्या ढिगावर चढला. गाडी निघाली म्हणजे वावर आणि वावर म्हणजे काम, एवढंच त्याला ठाऊक. वर बसून तो मनकर्णाकडे पाहत राहिला, ही अजून का येत नाही म्हणून. ती आली नाही तेव्हा तो एकदा भुंकला.

गाडी वळणाआड गेली. मनकर्णा परातीशी येऊन बसली. पिठाचा गोळा हातात घेतला, थापला, मोडला, परत थापला. मग परात पायाने बाजूला लोटून ती उठली आणि डोक्यावरचा पदर सावरायचंही भान न ठेवता रस्त्याने पळत सुटली.

गावकुसाबाहेर गाडी दिसली. "मुकादम!" तिने हाक मारली. जानराव बैल थांबवीपर्यंत कुत्रं खाली होतं आणि तिच्या पायांत घोटाळत होतं. जन्मात पहिल्यांदा तिला त्याच्या तोंडाकडे पाहवेना.

"बाई, मालक मले बोलतीन," जानराव म्हणाला.

"त्याईले सांग, बाईनं उतरून घेतला म्हणून. दावं दे."

बैलाचं जाड दावं गळ्यात अडकवून तिने त्याला गावातून नेलं. मागच्या पांदणीनेही जाता आलं असतं. तसं मनात आलंही. पण आज कडी लावून बसण्याचा तिला पुरेपूर वीट आला होता. चावडीपाशी बसलेल्या एकाने विचारलं, "काय वो मनकर्णाबाई, मुकादमाले कचेरीत हाजीर कराले चालल्या का?" बाकीचे हसले. एरवी तिने त्याला असं उत्तर दिलं असतं की तो महिनाभर तिथे बसला नसता. आज ती मान खाली घालून पुढे गेली.

गंगूबाईच्या झोपडीपुढे गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. सुभद्रा दाराला टेकून उभी होती, डोळे सुजलेले, एक हात पोटावर. कुत्र्याला पाहताच ती आत सरकली.

"गंगूबाई," मनकर्णा म्हणाली, आणि वाटेत जुळवलेलं सगळं विसरली. "कालचा तो हाच होता. मी खोटं बोलली. मीच छू म्हणलं त्याले."

गंगूबाईच्या हातातली गाठोड्याची गाठ तशीच राहिली. पहिल्यांदा तिच्या तोंडावर सुटकेसारखं काही आलं. मग ते गेलं.

"छू म्हणल्या?" ती म्हणाली. "कावून?"

मनकर्णाने दावं मनगटाला गुंडाळलं.

"हरभऱ्यासाठी?" गंगूबाईने स्वतःच उत्तर शोधलं. "बाप्पा! मी तुमचा हरभरा उपटून राहिली, असं वाटलं तुमाले?"

"तुमी हाय हे मले मालूम नव्हतं."

"मी नसती, दुसरी कोनी असती, तं चाललं असतं?"

कुत्रं चावल्याचं, खोटं बोलल्याचं, या दोन्हींचं उत्तर मनकर्णाने वाटेत शोधलं होतं. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"अन् सकाळी," गंगूबाई म्हणाली, "सकाळी मी पोरीचं सांगून राहिली होती, तवा तुमी ऐकत होत्या. उभ्या राहून ऐकत होत्या. वरून सांभारबी ठेवून घेतला."

"हो."

"माय, जाऊ दे ना," आतून सुभद्रा म्हणाली. "तुले आता जा नाही लागत, हे पाह्य."

"तू चूप वं."

मुकादमाने गंगूबाईला ओळखलं. शेपटी हलवत, नाक पुढे काढून तो तिच्या पट्टीकडे निघाला. गंगूबाई झटकन मागे सरली. मनकर्णाने दावं खेचलं तसा तो तिच्या पावलावर येऊन बसला आणि वर पाहू लागला, आता काय करायचं ते सांग म्हणून. काल त्याला सांगितलं तेच त्याने केलं होतं, आणि त्यात काही वावगं झालं असेल हे त्याच्या गावीही नव्हतं.

माफ करा म्हणावं, असं मनकर्णाच्या ओठांवर आलं. पण ते म्हटलं की समोरच्या बाईला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, आणि ते मागायला आपलं तोंड नाही, हे तिला कळत होतं. तिने दाव्याचं दुसरं टोक पुढे केलं.

"दहा दिवस याले तुमच्या दारात बांधून घ्या," ती म्हणाली. "माह्या शब्दावर नका राहू, तुमच्या डोळ्यानं पाहा."