टबाच्या बदल्यात दिलेला फोन

आमच्या घरात माझ्या नोकरीला कुणी नाही म्हटलं नव्हतं. फक्त अटी घातल्या होत्या, आणि त्यातली सगळ्यात चिवट अट म्हणजे जुना बटणांचा फोन.

मी सोलापुरातून रोज मोडनिंबला जाते. तिथल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. मागच्या वर्षी परत येताना मोहोळजवळ एसटी बंद पडली, दुसरी येईपर्यंत अंधार झाला, आणि माझ्या फोनची बॅटरी संपली. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात शिरले तेव्हा सगळं घर दारात उभं होतं. जेवलीस का, हे कुणी विचारलं नाही. सासूबाईंना घरात सगळे अव्वा म्हणतात. त्या म्हणाल्या, "उद्यापासनं दुसरा फोन जवळ ठेव. न्हाईतर जाणं बंद. साकु." अव्वांचं माहेर अक्कलकोटकडचं. त्यांनी कानडीत साकु, म्हणजे पुरे, म्हटलं की घरात पुढं कुणी बोलत नाही. माझा नवरा तर त्याआधीही बोलत नाही.

माझा लग्नाआधीचा फोन कपाटात पडून होता. तो नवऱ्यानं बाहेर काढला, त्यात नवं सिम घातलं आणि म्हणाला, "असू दे अडीअडचणीला." पाहुण्यारावळ्यांत कौतुक झालं, सुनेची किती काळजी. काळजी कसली डोंबलाची! पोचल्यावर त्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा, निघताना द्यायचा, गाडी उशिरा सुटली तर तेव्हाही द्यायचा. माझा नेहमीचा फोन चालू असला तरी याच फोनवरून, म्हणजे तो जवळ आहे हे त्यांना कळावं. वर्षभरात मला प्रवासात एकदाही अडचण आली नाही. अडचण त्यांची होती. मी दिवसभर त्यांच्या नजरेबाहेर असायचे, ही. मला तो फोन डोळ्यांसमोर नको व्हायचा. तरी दर रविवारी न चुकता चार्ज करायचे, कारण तो बंद पडला की माझं जाणंही बंद.

माझी मोठी जाऊ, तिला मी अक्का म्हणते, हे सगळं बघत होती. मी सकाळी निघून गेले की घरभराच्या भाकरी तिच्या गळ्यात पडायच्या. तिची तक्रार खोटी नव्हती. पण ती तिनं अव्वांपुढं कधी काढली नाही. भांडी आपटली, आणि माझ्या डब्यातली भाजी नेमकी खारट निघायला लागली. मीही काही गरीब गाय नाही. रविवारी माझ्या वाटणीच्या चपात्या लाटून झाल्या की पोळपाट तिच्यापुढं सरकवून उठायचे.

त्या रविवारी दुपारी मी आणि नवरा एका लग्नाला गेलो होतो. फोन स्वयंपाकघरातल्या प्लगला लावून ठेवला होता. परत आलो तर ओट्याखाली नवाकोरा निळा टब, आणि प्लगमधून चार्जरची वायर नुसतीच लोंबत होती.

"फोन कुठाय?"

"कुठला? ते डबडं?" अक्का कणीक मळत होती. "गाडीवाला आला होता. दिलं त्याला. चालत नव्हतं की ते."

आमच्या बोळात हे फेरीवाले नेहमी येतात. मोटरसायकलला भोंगा बांधलेला, मागं टब आणि बादल्या. जुने फुटके मोबाईल घ्यायचे आणि प्लास्टिक द्यायचं. पण बिघडलेला फोन कुणी चार्जरला लावून ठेवत नाही, एवढं अक्काला कळत होतं. पिन तिनं स्वतःच्या हातानं काढली होती, आणि फोन सिमसकट देऊन टाकला होता.

मी हे अव्वांसमोर बोलले. त्यांनी टब उलटा करून बघितला आणि जाड आहे म्हणाल्या. मग माझ्याकडं न बघता, "आता कसं जाणार तू? ऱ्हाऊ दे चार दिवस."

"घेऊ की दुसरा," नवरा म्हणाला. "तोवर रजा टाक."

या घरातले चार दिवस मला माहीत आहेत. नणंदेचं शिलाई मशीन चार दिवसांसाठीच माळ्यावर गेलं होतं. तिचं लग्न होऊन ती सासरी गेली, मशीन अजून माळ्यावरच आहे.

मी अक्काला मोरीपाशी गाठलं. म्हटलं, "टबाची एवढी हौस होती तर मला सांगायचं, मी आणला असता."

तिनं पदराला हात पुसले. आवाज जराही चढवला नाही. "टब कुणाला पाहिजे? तू घरी बसावंस म्हणून दिला फोन. मी बसले की इतकी वर्षं हितं. तुला दुसरा फोन मिळाला. मला तर पैलाबी कुणी दिला न्हाई."

हे ऐकून मला तिची कीव यायला हवी होती म्हणे. माझी बहीण तसं म्हणाली. मला कीव आली नाही, राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. तिला कोंडलं अव्वांनी आणि तिनं वड्याचं तेल माझ्यावर काढलं. अव्वांना एक शब्द बोलायची तिची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी पर्स घेऊन बाहेर आले. अव्वा उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"वाटेत काय झालं तर?"

"झालं तर बघेन मी."

"साकु," त्या म्हणाल्या.

तरी मी चप्पल घातली. नवरा दाढी करत होता. त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि गाल फुगवून दाढी करत राहिला. मी अव्वांच्या खुर्चीला वळसा घालून बाहेर पडले.

एसटी शहराबाहेर बाळे गावाच्या पुढं गेली आणि माझा नेहमीचा फोन वाजायला लागला. आधी अव्वांचा, मग नवऱ्याचा, मग पुन्हा अव्वांचा. बॅटरी भरलेली होती, रेंज चांगली होती, आणि मला काहीही झालेलं नव्हतं.

शेजारची बाई म्हणाली, "तुमचा वाजतोय की."

"वाजू दे," मी म्हटलं. संध्याकाळी दार उघडतील की नाही याची धाकधूक होती. पण मोडनिंबपर्यंत मी तो उचलला नाही.