शालिग्रामच्या घरची हडळ

शालिग्राम इतका उंच, की आमच्या मारुतीच्या देवळात शिरताना त्याला गुडघ्यातून वाकावं लागे. अंगानं दांडगा, पण स्वभाव असा की बैलावर तुतारी, म्हणजे टोचणीची काठी, उगारायचा आणि मारायची तेवढी विसरायचा. तो रांगत होता तेव्हाच आई गेली. मावशीनं, मनकर्णाबाईनं, वाढवला. आणि अशा ह्या गरीब माणसाला गावानं काम काय दिलं? तर राक्षशिणींचं!

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रदेशात होता आणि आपली राजधानी नागपूर. मंगरूळपीरकडच्या आमच्या खेड्यात करमणूक म्हणजे चैत्रातली सोंगं. रामनवमीपर्यंत रोज दिवेलागणीला पारावर नवी बाई. आज ताटका, उद्या पूतना, मग शूर्पणखा, मग हिडिंबा. रोज गोष्ट नवी, भीती नवी, आतला माणूस मात्र तोच! शेवटच्या दिवशी हडळ. ती सकाळपासूनच घरोघर फिरे. अंबाडीचे केस, दुधी भोपळ्याचे दात, तोंडाला काजळ नि शेंदूर, अंगावर मनकर्णाबाईचं हिरवं लुगडं. पुढं डफ वाजवत मी.

ह्या हडळीचा एक कायदा होता. तोंडाला काजळ लागलं, की दिवेलागणीला पाच सुवासिनी ओवाळून डोक्यावर पाणी ओतेपर्यंत आतल्या माणसानं बोलायचं नाही, आणि गावानं त्याचं नाव काढायचं नाही. काढलं की सोंग बाटलं. हडळीनं एकदा मांडीवर खेळवलं की लेकरू वर्षभर कशालाच भीत नाही, म्हणून आया आपली तान्ही तिच्याकडं देत; पण सोंग बाटलं तर त्याच लेकरांना दृष्ट लागायची. त्यामुळं कायदा मोडायची कोणाची छाती नव्हती.

ह्या सोंगांपायीच शालिग्रामची दोन स्थळं मोडली. लुगडं नेसणारा जावई नको, म्हणाले. तिसरं आलं शेलूबाजारचं, बबनरावांच्या जमनाचं. मनकर्णाबाईनं आधीच ठणकावलं, "शाल्या, हेबी हुकलं तं जन्मभर माह्याच हातचं खाशीन. अन् मी काय जन्माची पुरनार हाय?" पाहुणे रामनवमीनंतर यायचे होते. तोवर सगळं सामान माळ्यावर टाकायचं, असा बेत.

आणि पाहुणे आले ते नेमके हडळीच्या दिवशी! बबनराव आणि त्यांची थोरली बहीण प्रयागबाई. ह्याच वाटेनं कोणाची तरी गाडी येत होती म्हणे, बसले.

ऊन कलतं होतं. मनकर्णाबाई पारावर सारवायला गेलेली. एक दात ढिला झाला म्हणून शालिग्राम घरी येऊन ओसरीवर डिंक लावत बसलेला. मी शेजारी पाणी प्यायला गेलो होतो.

"बाई, शालिग्रामचं घर हेच काय?" बबनरावांनी हिरव्या लुगड्याच्या पाठीला विचारलं.

पाठ वळली. बबनराव मागच्या मागं तुळशीवर आदळले.

बोलायची बंदी, पण पाहुणे तर दारात! शालिग्रामनं पदर सावरला आणि तांब्याभर पाणी आणून पुढं धरलं.

"अक्का," बबनराव पुटपुटले, "पोराची आई तं वारली न?"

"वारली म्हने."

"मंग हे कोन हाय?"

"मले काय इचारतं? मी काय ह्या गावची हाय?"

मी धावत आलो. "पाव्हणे, भेऊ नका. ही आपलीच हाय."

"आपली म्हंजे कोनाची?"

"गावाची."

"अन् पोरगा कुठं हाय?"

मी जीभ चावली. "त्याचं नाव आज घेऊ नका, बाप्पा."

बबनरावांचा चेहरा उतरला. "मेला काय?"

"नाही हो! सांजच्याले येते."

"कुठून येते?"

आता काय सांगू? मी हडळीकडं पाहिलं, हडळीनं माझ्याकडं. तेवढ्यात कुंपणापलीकडून हेमसिंग ओरडला, "पाव्हणे, दिवस बुडेपर्यंत त्याचं नाव काढू नका! माहंबी लेकरू हाय घरात!"

झालं! बबनराव गाडीकडं निघाले. "चाल अक्का! पोरगा मेला का पळाला तेबी कोनी सांगून नाही राह्यलं, अन् मेलेली माय पानी देऊन राह्यली!"

शालिग्राम ताडकन उभा राहिला. तिसरं स्थळ डोळ्यांदेखत चाललेलं. एक शब्द बोलला असता तर सगळा घोटाळा मिटला असता. त्यानं तोंड उघडलंही. तेवढ्यात हेमसिंगची बायको चंदाबाई आत आली आणि पोरगं त्याच्या हातात देऊन मोकळी झाली.

हडळीनं तोंड मिटलं. खाली बसली. पोरगं मांडीवर घेऊन डुलू लागली. पोरग्यानं ढिला दात उपटला आणि चघळायला लागलं. हडळ एका हातानं त्याची लाळ पुसत होती आणि डोळे बाहेरच्या गाडीकडं. गालावरून काजळ ओघळलं. घाम होता की दुसरं काही, मला आजही सांगता येत नाही.

प्रयागबाई जागची हलली नव्हती. ती हळूच ओसरीवर टेकली.

"बाई, आमची जमना ह्या घरात देली तं तिले खाशीन काय तू?"

हडळीनं मान हलवली. नाही.

"छळशीन?"

नाही.

"बोलशीन तरी काय तिच्यासंगं, का असीच मुकी बसशीन?"

हडळीनं बुडत्या सूर्याकडं बोट दाखवलं. प्रयागबाई पदराआड हसली आणि बाहेर ओरडली, "बबन, बैल सोडाले सांग! सांज होऊ दे."

"काहून पन?"

"सोड म्हनतो न मी!"

पारावर सुवासिनी चारच निघाल्या. भाऊसिंगची रुपाबाई ऐनवेळी माहेरी गेलेली. "आना ताट," म्हणत प्रयागबाईच पाचवी झाली. ओवाळलं, पाणी ओतलं. काजळ वाहून गेलं आणि लुगड्यात शालिग्राम उभा! पहिला शब्द बोलला तो असा, "मामाजी, घरी चाला. तुमी पानीबी नाही पेले."

बबनराव त्याच्याकडं बघत राहिले. "हे पोरगं ठीक हाय," ते म्हणाले, "पन ती बाई कुठं गेली?"

ज्येष्ठात लग्न लागलं. पुढच्या चैत्रात काजळ लावायला जमनाबाईच बसली. बायांनी तिला चिडवलं, "नवऱ्याले हडळ करतं काय वं?"

"नवऱ्याले कायले? माही सासू हाय ते," ती म्हणाली. "सालातून एक डाव येते, अन् एक शब्द बोलत नाही. अशी सासू हाय काय तुमच्या घरी?"

प्रयागबाईनं ओळखलं ते नेमकं कशावरून, हे काही मला कळलं नाही. विचारलं तर म्हणायची, "मी कुठं ओळखलं? मले ती बाई पसंत पडली!" आणि बबनराव लेकीकडं आले की दर वेळी आधी आत डोकावून बघत, मग मला बाजूला घेत.

"जगदेव, खरं सांग. त्या दिवशी पानी कोन देल्लं मले?"