भुऱ्याला कच्चंच घालायचं

उकंडाच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून आईने त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नावही तसंच ठेवलं. तो जगला, पण भावंडांच्या वाट्याचा हट्टही बहुधा त्याच्याच अंगात उतरला. घाटंजीजवळच्या एका गावात तो गावभराच्या बकऱ्या राखायचा. जगात त्याला दोघांचंच कौतुक होतं, मुलगी खुशीचं आणि भुऱ्या कुत्र्याचं. बायको हंसाबाईचा नंबर त्यानंतर, तोही सणासुदीला.

भुऱ्या होताही तसाच. बिबट्याचा नुसता वास आला तरी मानेवरचे केस ताठ करून तो कळपाभोवती फिरायचा. उकंडाच्या मते ही सारी कच्च्या मांसाची करामत होती. बाजाराच्या दिवशी तो जफरभाईच्या मटणाच्या दुकानी जायचा. ज्या फुप्फुसांवर, कलेजीवर पाण्याचे फोड असत, ती गिऱ्हाईक घेत नसे. जफरभाई ती त्याच्यासाठी बाजूला ठेवी. "माणसाच्या कामाचं नाही हे, उकंडा. तुह्या भुऱ्याले ने." फुकटचं ते आणि वर पौष्टिक, उकंडाला आणखी काय हवं होतं!

हंसाबाईला मात्र ते गाठोडं पाहून शिसारी येई. "कायले कच्चं घालता? शिजवून घालत जा ना."

"शिजोलं का ताकद गेली. भाकर खाणारं कुत्रं झोपते, कच्चं खाणारं जागते."

वाद तिथेच संपायचा, कारण उकंडा तो संपवायचा.

एकदा बकऱ्यांना लस टोचायला जनावरांचा डॉक्टर आला. बायकोसमोर जिंकायचं म्हणून उकंडाने मुद्दाम विषय काढला. डॉक्टर म्हणाला, "कच्च्या मांसाने दात साफ राहतात, हे खरं. शिजलेलं हाड तर देऊच नको, त्याचे टोकदार तुकडे होऊन आतडं फाटतं. पण कलेजी, फुप्फुसं कच्ची घालू नको. चांगली उकळून घाल आणि जंताची गोळी देत जा." संध्याकाळी घरी येऊन उकंडाने छाती फुगवून सांगितलं, "डॉक्टर म्हंते, शिजोलेलं हाड देऊ नये." उरलेलं त्याने सांगितलं नाही. त्याला ते महत्त्वाचं वाटलंच नव्हतं. माणूस सल्ला विचारतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा होकारच हवा असतो.

खुशी भुऱ्याच्या गळ्यात पडून वाढली. तिच्या ताटातला शेवटचा घास त्याचा असायचा. सातवीत गेली तेव्हा तिच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. कावीळ समजून झाडपाल्याचं औषध झालं, मंत्र झाले. पोट वर आलं तेव्हा तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली. हंसाबाई खुशीजवळ बसली होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी एकट्या उकंडाला आत बोलावलं.

"घरी कुत्रं आहे का? काय खातं?"

"हाव जी," उकंडा अभिमानाने म्हणाला. "कच्चं मास खाते. एकदम जबर कुत्रं आहे."

 डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. बकरीच्या कलेजीतले ते पाण्याचे फोड म्हणजे किड्यांची घरं. ते कच्चं खाल्लं की किडा कुत्र्याच्या पोटात वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, अंगाच्या केसांना चिकटतात, तिथून लेकराच्या हाताला आणि तोंडात. कुत्र्याला काहीच होत नाही. फोड लेकराच्या कलेजीत वाढतो. ऑपरेशन करून काढता येईल, पण तोवर पोटाला मार लागू देऊ नका, फोड आत फुटला तर जिवावर बेतेल.

आधी औषध सुरू केलं, ऑपरेशनची तारीख मिळाली आणि ते घरी आले. हंसाबाईने विचारलं, "काय म्हणे?" उकंडा म्हणाला, "फोड हाय, काढतीन." बाकीचं त्याने सांगितलंच नाही. पोटाला जपायचं, एवढं मात्र त्याने बजावलं. तारखेच्या आधीच खुशी अंगणात बकरीच्या दाव्यात पाय अडकून उंबऱ्यावर आपटली. आतल्या आत फोड फुटला. दवाखान्यात नेणारी जीप घाटंजीच्या अलीकडे असतानाच तिचा श्वास थांबला.

त्यानंतर उकंडाने बाजारात जाणंच सोडलं. भुऱ्या दारात पडून राहायचा आणि उकंडाला त्याच्याकडे बघवायचं नाही. एका बाजाराच्या दिवशी हंसाबाई स्वतः जफरभाईकडे जाऊन गाठोडं घेऊन आली. "खुशीचा जीव होता त्याच्यावर," ती म्हणाली. "उपाशी कायले ठेवाचं?" आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने ते कच्चं फुप्फुस स्वतःच्या हाताने उचललं.

"नको घालू," उकंडा ओरडला. "शिजव ते."

ती वळली. "आता काहून?"

आता गप्प बसण्याची ताकद त्याच्यात उरली नव्हती. जमिनीकडे बघत त्याने दोन्ही डॉक्टरांचं सगळं सांगितलं, जनावरांच्या डॉक्टरचं गाळलेलं अर्धंसुद्धा.  हातातलं फुप्फुस हंसाबाईने खाली ठेवलं.

"मंग मी शिजोलं असतं, तं?"

खोटं बोलायला त्याने तोंड उघडलं, पण तिच्या डोळ्यांसमोर ते जमलं नाही.

"पोरगी असती," उकंडा म्हणाला.