नखावरचं दूध

गवळ्याचं दूध आत्याबाई नखावर तपासून घ्यायच्या. थेंब ठरला तर दूध, ओघळला तर पाणी, आणि मग गवळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, पैठणकडच्या. माझी लेक वीस दिवसांची झाली आणि त्यांनी वाटी माझ्याच पुढं धरली. "दे बरं थोडं." लेक अजून प्यायची होती. मी थोडं काढून दिलं. थेंब सरळ ओघळला.

"निव्वळ पाणी हाय की गं! म्हणूनच रडतंय लेकरू."

त्या दुष्काळात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आख्खी कॉलनी टँकरमागं पळतेय, आणि या बाईंना पाणी सापडलं ते माझ्यात!

संध्याकाळी नवरा वाळूजच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून आला तो बाळाच्या दूध-पावडरचा डबा घेऊनच. आईचा शब्द ना! आत्याबाईंनी माप बाजूला ठेवून अंदाजानं पावडर कालवली आणि थेंब नखावर घेतला. ठरला. खिरीएवढं घट्ट केल्यावर ठरणार नाही तर काय! लेक एकदा बाटलीला लागली की माझं दूध आटणार, हे मला कळत होतं. रडूच फुटलं मला.

बाटली उकळेपर्यंत मी डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. "आत्याबाई, यात पामतेल आहे."

रेशनवर पामतेल आलं तेव्हा याच बाईंनी ते दिव्यातसुद्धा घातलं नव्हतं. आता नातीला पाजायला निघाल्या होत्या. त्यांचा हात थांबला. "कंपनीवाले काय येडे हायत व्हय?" म्हणाल्या, पण बाटली सकाळवर ढकलली.

मग लेकीचं पिऊन झाल्यावर मी शेवटचं दूध एका वाटीत काढलं, दुसरीत डब्याचं घेतलं, आणि दोन्ही फ्रिजमध्ये ठेवल्या. सकाळी त्यांच्यासमोर उघडल्या. डब्याचं होतं तसंच पांढरंफेक. माझ्या वाटीवर पिवळसर साय.

"पहिलं पातळच येतं, आत्याबाई. साय शेवटाला. तुम्ही पहिल्या थेंबावरच निकाल लावून मोकळ्या!"

आणखी चार टोले तयार होते माझे. पण आत्याबाई वाटी घेऊन खालीच बसल्या. माझ्या नवऱ्याच्या वेळी त्यांच्या सासूनंही असंच नखावर बघितलं होतं, आणि पोराला शेळीच्या दुधावर टाकलं होतं. हे त्यांनी मला तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं. टोले मी गिळले.

"म्हंजी माझंबी चांगलंच असंल की गं तवा," त्या म्हणाल्या.