मनगटावरची पट्टी

त्या गुरुवारी सकाळी ॲलन औषधं न्यायला आला नाही, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. दुपारी त्याच्या मुलीचा, फिओनाचा, क्राइस्टचर्चहून फोन आला. धुक्यात त्याची गाडी हॅमिल्टनबाहेरच्या एका शेतरस्त्यावर झाडाला धडकली होती. तो जागच्या जागी गेला. "पण डॅड तिकडे कशाला गेला?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. निघाला होता तो बायकोकडे, आणि तिचं रेस्टहोम, म्हणजे वृद्धाश्रम, शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला... मला उत्तर माहीत होतं.

हॅमिल्टनच्या 'ते रापा' या उपनगरातल्या आमच्या फार्मसीत ॲलन नऊ वर्षं येत होता. तरुणपणी तो स्कॉटलंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलर होता, सेंटर-हाफ, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणारा. फार मोठं नाव नव्हे. लहान गावांचे क्लब, चिखलाची मैदानं आणि पाणी पिऊन जड झालेला चामड्याचा चेंडू. तो डोक्याने परतवणं हेच त्याचं काम. एकदा त्याने ड्रेसिंगरूममधली युक्ती सांगितली. डोक्याला मार बसला की ट्रेनर धावत येऊन विचारायचा, आज वार कोणता, समोर कोणता क्लब, स्कोअर किती? उत्तर चुकलं की बाहेर, आणि बाहेर गेलेल्याची जागा पुढच्या शनिवारी दुसरा घ्यायचा. म्हणून ॲलन मॅचआधीच मनगटाला पांढरी पट्टी गुंडाळून तिच्यावर उत्तरं लिहून ठेवायचा.

"आणि स्कोअर?" मी विचारलं.

"तो आमचा गोलकीपर ओरडून सांगायचा."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

पंचाहत्तरीनंतर इथे गाडीच्या लायसन्ससाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि शंका आली तर ते स्मरणशक्तीचीही चाचणी घेतात. तोवर ॲलनच्या गोळ्यांचे वार चुकू लागले होते, तोच किस्सा दहा मिनिटांत दोनदा यायचा. मला दिसत होतं, माझा पेशाच तो. पण त्याची बायको जीन अंथरुणाला खिळलेली, आणि दुपारचा घास फक्त त्याच्या हातून घ्यायची. "गाडी गेली तर ती जेवायची नाही, मेधा," तो म्हणाला, आणि मी विरघळले. आपल्याकडे पाठ करून घेणं हीसुद्धा मायाच. पुण्यात आईने मला तसंच शिकवलं, मी माझ्या लेकीला. काउंटरवर उभं राहून मी त्याच्याकडून वार, महिना, पंतप्रधानांचं नाव, घड्याळाचं चित्र... सगळं घोटून घेतलं. तो पास झाला. "स्वीट ॲज," असं इथल्या बोलीत 'एकदम झकास' म्हणत अंगठा दाखवून गेला.

मनाच्या समाधानासाठी मी एक अट घातली होती. दर गुरुवारी मी विचारणार, कुणाला भेटायला निघालास? ज्या दिवशी नाव आठवणार नाही, त्या दिवशी चाव्या माझ्याकडे. तो शर्टाची बाही सारखी करायचा आणि म्हणायचा, "जीनला." एकदाही चुकला नाही. जाताना पांढऱ्या चिकटपट्टीचा रोल मात्र हमखास न्यायचा. जुन्या खेळाडूचे गुडघे, असं मी समजायचे. फार्मसिस्ट म्हणवून घेते मी!

तीन आठवड्यांनी फिओना दुकानात आली. मी तिला सगळं सांगितलं, अडखळत. ती ओरडली नाही. "डॅडने तुला गळ घातली असणार, मला कळतं," ती म्हणाली, "पण आत्ता मला तुझ्याशी बोलवत नाही." मग पर्समधून एक पाकीट काढून तिने काउंटरवर ठेवलं. "हॉस्पिटलने दिलं. यावर तुझं नाव आहे." आणि ती निघून गेली.

त्या गुरुवारसाठी बाजूला काढलेला रोल अजून माझ्या खणात आहे. त्याच्याशेजारी हे पाकीट. आत ॲलनच्या मनगटावरून कापून काढलेली पट्टी, थरथरत्या अक्षरांतली. आज गुरुवार. औषधवाली मेधा. जेवण बारा वाजता. आणि सगळ्यात खाली, दोनदा गिरवलेलं... बायको जीन.